आमदारकी, न्यायासन आणि मधली वर्षं : शिवाजीनगर कोर्टातल्या एका तरुण वकिलाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. वय २९, शिवाजीनगर कोर्टात पाच वर्षं वकिली, घरात राजकारण नाही. एका पक्षाने शहराच्या विधी आघाडीचं, म्हणजे पक्षाच्या वकील शाखेचं, पद देऊ केलंय, शिवाय 'पुढे विधान परिषदेचं बघू' असंही कानात सांगितलंय. पण शेवटी न्यायाधीश व्हायचं आहे. केरळचे कृष्ण अय्यर आमदार आणि मंत्री होऊनही सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले, मग मला दार बंद का असावं, असं तुम्ही विचारता. आमदार झालो तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, परत करावी लागेल का, हा दुसरा प्रश्न. आणि जाता जाता एक तिसरा: मित्रांनी वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावलाय, त्याने काही बिघडतं का?

वाचून हसू आलं, कारण पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी बार रूममध्ये माझ्या सीनिअरना विचारला होता. ते चहा ढवळत म्हणाले, "आधी त्या निशाणी ५ वर म्हणणं दे दाखल करून, मग विधानसभेत जा." (निशाणी ५ म्हणजे दाव्यातला तात्पुरत्या मनाईचा अर्ज.) तेव्हा राग आला होता. पुढे मी महापालिकेची निवडणूक लढवली आणि पडलो. जिल्हा न्यायाधीशपदाचा अर्ज भरायला बसलो तेव्हा वय उलटून गेलेलं होतं. तर मी न्यायाधीश नाही, आमदारही नाही. बत्तीस वर्षं याच आवारात दिवाणी दावे चालवलेला वकील आहे आणि दोन्ही दारांच्या बाहेर बराच वेळ उभा राहिलेलो आहे, त्या अनुभवावर बोलतोय.

'दार बंद होईल का' हा खरा प्रश्न नाहीच. कायद्याने कुठलंच दार बंद नाही. आमदार किंवा पक्षाचा पदाधिकारी राहिलेला माणूस न्यायाधीश होऊ शकत नाही असं संविधानात कुठेही लिहिलेलं नाही. खरा प्रश्न वयाच्या हिशेबाचा आहे, आणि त्या दारापाशी पोहोचाल तेव्हा तुमच्या नावावर कोणते कागद जमलेले असतील याचा आहे.

आधी वय. 'न्यायाधीश' म्हणता तेव्हा कोणता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे आपण जेएमएफसी म्हणतो ती परीक्षा, एमपीएससीमार्फत होते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, ती तुमची पूर्ण झालेली आहे. पण वकिलांसाठी वयाची वरची मर्यादा सर्वसाधारण प्रवर्गात ३५ आहे. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला अनुच्छेद २३३ प्रमाणे सात वर्षं वकिली लागते आणि आपल्याकडे वय साधारण ३५ ते ४५ च्या दरम्यान. प्रवर्गानुसार सवलत असते, जाहिरात निघेल तेव्हा ती नीट वाचा. तिसरी वाट हायकोर्टाची. अनुच्छेद २१७ दहा वर्षांची वकिली मागतो, किमान वय सांगत नाही, पण पंचेचाळिशीच्या आत वकिलाचं नाव क्वचितच पुढे जातं. निवृत्ती ६२ ला.

आता राजकारणाचं घड्याळ यावर ठेवून बघा. विधानसभेला २५ वर्षं पूर्ण लागतात, विधान परिषदेला ३०. म्हणजे ज्या विधान परिषदेचं गाजर तुम्हाला दाखवलंय तिच्यासाठी तुम्ही आज पात्रच नाही, आणि दाखवणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. आपल्या परिषदेच्या ७८ जागांपैकी पदवीधरांच्या सात. पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. वकिलांना तो मतदारसंघ आपलाच वाटतो. पण तिथे पाच जिल्ह्यांतल्या पदवीधरांचे नोंदणी फॉर्म भरून घ्यायला माणसं लागतात, आणि ती यादी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते. पदाधिकारी म्हणून तीन-चार वर्षं, तिकिटाच्या रांगेत पाच-सात वर्षं, मिळालंच आणि निवडून आलातच तर सहा वर्षांची मुदत. जेएमएफसी गेली, जिल्हा न्यायाधीशही गेलं. राहिली हायकोर्टाची वाट. ती अर्जाने मिळत नाही, तिथे कुणीतरी तुमचं नाव घ्यावं लागतं.

कृष्ण अय्यर याच वाटेने गेले. म्हणून त्यांचं उदाहरण देताना त्यांच्या आयुष्यातल्या तारखाही पाहिल्या पाहिजेत. थलश्शेरीचे वकील. १९५२ मध्ये तेव्हाच्या मद्रास विधानसभेवर निवडून गेले, १९५७ मध्ये केरळच्या पहिल्या विधानसभेत आले, आणि मुख्यमंत्री नंबुद्रिपादांच्या मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग, पाटबंधारे अशी खाती सांभाळली. १९६५ ची निवडणूक हरले. आणि मग, तुमच्या प्रश्नात नेमकं हेच निसटलंय, ते नुसती वकिली करत राहिले. १९६८ मध्ये केरळ हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. मधली तीन वर्षं कोर्टात उभं राहून काढलेली आहेत. त्यानंतर विधी आयोग, आणि १९७३ मध्ये सुप्रीम कोर्ट. तेव्हाही मुंबईच्या काही नामवंत वकिलांनी 'राजकीय माणूस' म्हणून विरोध केला होता. त्यांतले सोली सोराबजी यांनी पुढे आपली चूक झाली हे मोकळेपणाने कबूल केलं.

त्यांची कसोटी लागली ती जून १९७५ मध्ये. अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली होती, सुप्रीम कोर्टाला उन्हाळी सुटी, आणि सुटीतले न्यायाधीश कृष्ण अय्यर. कायदामंत्री ह. रा. गोखले यांचा त्यांना फोन आला, भेटायचं होतं. गोखले स्वतः मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायाधीश, राजीनामा देऊन पुढे राजकारणात आलेले. फोनच्या एका टोकाला मंत्री झालेला न्यायाधीश आणि दुसऱ्या टोकाला न्यायाधीश झालेला मंत्री! अय्यरांनी सांगितलं, भेटायची गरज नाही, अर्ज रजिस्ट्रीत दाखल करा. २४ जूनला त्यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदावर राहता येईल, सभागृहात बसता-बोलता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही आणि खासदारकीचं मानधनही घेता येणार नाही. इंदिरा गांधींचे वकील नानी पालखीवाला यांनी मागितलेली बिनशर्त स्थगिती मिळाली नाही.

या आदेशावर आजही दोन्ही बाजूंनी टीका होते. मला त्यातला फोन महत्त्वाचा वाटतो. आमदाराला सवय असते की कुणाचाही फोन आला तर घ्यायचा, 'बघतो' म्हणायचं, माणूस तोडायचा नाही. न्यायाधीशाला त्याच माणसाला 'रजिस्ट्रीत जा' म्हणता आलं पाहिजे. ही सवय बदलायला वर्षं लागतात आणि काहींची ती बदलतच नाही.

आमदारकीचा उपयोग काय, तेही याच माणसाकडे दिसतं. १९८० चा रतलाम नगरपालिकेचा निकाल काढून वाचा, लहान आहे. उघडी गटारं, घाण, डास. रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले. मॅजिस्ट्रेटने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली आदेश दिला, हेच आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालंय. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. पैसे नाहीत म्हणून कायद्याने नेमून दिलेलं काम टळत नाही, असं कृष्ण अय्यरांनी लिहिलं. आपण महापालिकेविरुद्ध दावे लावणारे लोक हे 'निधी उपलब्ध नाही' वाक्य दर आठवड्याला लेखी म्हणण्यात वाचतो. पाटबंधारे आणि गृहखातं सांभाळलेल्या माणसाला त्या वाक्यात किती खरं आणि किती सवयीचं, हे आतून माहीत असतं. विधेयक सभागृहात खंडशः कसं मंजूर होतं, एखादं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद किंवा अट, शेवटच्या दिवशी कुणाच्या आग्रहाने घुसतं, हे पाहिलेला न्यायाधीश त्याच परंतुकाचा अर्थ लावताना वेगळा विचार करतो. त्यामुळे आमदारकीने न्यायाधीश बिघडतोच असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग वकील, १८८४ पासून मुंबईच्या विधिमंडळात, १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १८९३ मध्ये जेमतेम त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या जागी आले आपले रानडे, आणि तेही न्यायखात्यात असतानाच कौन्सिलात बसलेले होते. आज हे अशक्य आहे. नारायण गणेश चंदावरकरांनी डिसेंबर १९०० मध्ये लाहोरला काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवलं आणि पुढच्याच वर्षी ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती. इतकंच नाही, १९२१ मध्ये मुंबई विधिमंडळाचे पहिले बिनसरकारी अध्यक्ष तेच.

पण तुम्ही पुण्याचे, तुम्हाला मी चौथं नाव सुचवीन. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात अभ्यासाला बसला असाल. ज्यांच्या नावाचं ते ग्रंथालय आहे ते मुकुंद रामराव जयकर १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्याआधी ते मुंबईचे बॅरिस्टर, १९२३ पासून मुंबई विधिमंडळात स्वराज्य पक्षाचे नेते, मग केंद्रीय विधानसभेत. १९३० च्या उन्हाळ्यानंतर तेजबहादूर सप्रूंबरोबर गांधीजींना भेटायला येरवड्याच्या तुरुंगात खेपा घालणारे मध्यस्थ हेच. १९३७ मध्ये फेडरल कोर्ट सुरू झालं तेव्हा सर मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि जयकर असे तिघेच न्यायाधीश होते. तिथून लंडनला प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तेव्हाचं शेवटच्या अपिलाचं न्यायालय. वकील, आमदार, न्यायाधीश हा क्रम इतका स्वच्छ दुसऱ्या कुणाचा सापडणं कठीण. त्यांच्याबद्दल मला लक्षात राहतं ते हे की न्यायासनावर जाण्याआधीची त्यांची शेवटची राजकीय ओळख पक्षाच्या पुढाऱ्याची नव्हती, दोन्ही बाजू ज्याला आत घेत अशा मध्यस्थाची होती.

मग तेव्हा जमलं ते आज का नाही? कारण नेमणूक करणारे बदलले. तेलंग-चंदावरकरांना इंग्रज सरकारने नेमलं. कृष्ण अय्यरांच्या काळातही नेमणुकीत सरकारचा शब्द वजनदार होता. १९९३ च्या निकालाने कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची पद्धत, आलं, आणि २०१५ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोग रद्द झाल्यावर ते कायम राहिलं. आता हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात. ते राज्य सरकारकडे जातं, केंद्राकडे जातं, गुप्तचर खात्याचा (आयबीचा) अहवाल येतो, सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम बघतं. म्हणजे पहिला शब्द अशा लोकांचा, ज्यांनी तुम्हाला स्वतःच्या कोर्टात उभं राहून बोलताना पाहिलेलं असतं. आणि इथे पुणेकर वकिलाची जुनीच अडचण येते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सातारा-सांगली-सोलापूरची कामं तिकडे गेली, पण पुणे अजून मुंबईकडेच. पहाटेची गाडी पकडून तुम्ही फोर्टातल्या हायकोर्टात नियमित उभे राहत नसाल, तर तुमचं काम त्यांना दिसणार कसं? शिवाजीनगरात कितीही नाव असलं तरी.

राजकीय पार्श्वभूमी ही अपात्रता नाही, हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. मद्रास हायकोर्टावर नेमलेल्या एका वकिलांविरुद्ध त्यांचं पक्षातलं पद आणि जुनी भाषणं दाखवून याचिका आली होती. कोर्ट म्हणालं, पात्रता वेगळी आणि योग्यता वेगळी; योग्यता कॉलेजियमने पाहिली, आम्ही त्यात शिरणार नाही. २०२५ मध्ये आपल्या हायकोर्टावर एका माजी पक्षप्रवक्त्यांचं नाव आलं तेव्हाही ओरड झाली, त्यावर त्यांनी पक्ष आधीच सोडला होता हे उत्तर आलं. दोन्ही नेमणुका टिकल्या. पण दोन्ही वेळा लोकांनी पहिल्याच दिवशी काय बाहेर काढलं ते बघा: जुनी भाषणं, जुनी पदं, जुने स्क्रीनशॉट. तुमचा पक्ष तेव्हा सत्तेत असेल की विरोधात, यावर फाइल किती दिवस कुठल्या टेबलावर राहील हेही ठरतं. ते आज मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही.

जिल्हा पातळीवर हे आणखी साधं आणि जास्त बोचरं आहे. विधी आघाडीचं पद म्हणजे आंदोलनात पुढे उभं राहणं आलंच. पुण्यात जमावबंदीचा आदेश असताना मोर्चा काढला की महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१)(३) सह १३५ लागतं, जोडीला पूर्वीच्या दंड संहितेचं १८८, आता न्याय संहितेचं २२३. कार्यकर्ते याला गुन्हा मानतच नाहीत, 'राजकीय केस आहे, शासन मागे घेतं' म्हणतात. मागे घेतली जाते कधी कधी, वर्षानुवर्षांनी. पण न्यायाधीशपदाच्या निवडीनंतर चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो आणि त्यात तुमच्यावर कधी गुन्हा नोंद झाला होता का, असा रकाना असतो. तिथे 'राजकीय' असा पर्याय नसतो. माझ्याकडे जेएमएफसी पास झालेला एक मुलगा याच रकान्यासाठी आला होता. कॉलेजातल्या मोर्चाचा गुन्हा, तो स्वतः विसरलेला. लपवलं तर जास्त अडकतो, म्हणून आम्ही सगळं खरं लिहिलं, दोषारोपपत्र आणि निकालाच्या नकला जोडल्या. त्याचं काम झालं, पण त्याच्या वडिलांचं वजन चार किलोने उतरलं होतं.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, हसायला हरकत नाही. निवडणूक लढवली तेव्हा माझ्या पत्रकात एक ओळ होती: 'वस्तीतली एकही भिंत पडू देणार नाही.' लिहिली कुणी आठवत नाही, फोटो माझा होता. पडलो. वर्षभराने एका सोसायटीतर्फे सार्वजनिक रस्त्यावरची अतिक्रमित भिंत काढण्यासाठी दावा चालवत होतो. निशाणी ५ च्या सुनावणीला समोरच्या वकिलांनी कागदपत्रांच्या यादीसोबत माझंच पत्रक दाखल केलं, घडी उलगडून, ओळीखाली लाल रेघ. न्यायाधीशांनी चष्मा सरकवून पाहिलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, हे तुमचंच का?" हो म्हणालो. त्यांनी ते बाजूला ठेवलं, अर्जाशी संबंध नाही म्हणाले, आणि अर्ज गुणदोषांवर माझ्या बाजूने मंजूरही केला. पण पंधरा दिवसांत सोसायटी माझी ना-हरकत घेऊन दुसऱ्या वकिलांकडे गेली. त्या वर्षात अशा सहा फाइली गेल्या. निवडणुकीचा खर्च मी दोन वर्षांत फेडला, पण गेलेले पक्षकार परत यायला आठ वर्षं लागली, आणि तेवढ्यात माझं ४५ उलटलं.

आता आमदार असताना वकिली. करता येते. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. पण आमदार-खासदार हे कुणाचे नोकर नाहीत, त्यामुळे त्यांना हा नियम लागू नाही, असं सुप्रीम कोर्टाने २५ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. मंत्री झालात तर वकिली बाजूला ठेवावीच लागते. आणि इथे एक बारीक खाच आहे: जिल्हा न्यायाधीशपदाचा अर्ज करताना वकिली चालू असली पाहिजे, पूर्वी कधीतरी केली होती एवढं पुरत नाही. दीपक अगरवाल खटल्यात २०१३ मध्ये हे ठरलेलं आहे.

कायदा परवानगी देतो हे झालं. प्रत्यक्षात अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, आणि उरलेला वेळ मतदारसंघातल्या लग्नांना. तुमचा साक्षीदार उलटतपासाला उभा असेल आणि तुम्ही लक्षवेधी मांडत असाल. ज्युनिअर मुदतीचा अर्ज देईल. असे तीन-चार अर्ज झाले की रोजनाम्यात तुमचं नाव कसं दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. एका विद्यमान आमदार वकिलांविरुद्ध मी एकदा दावा चालवला. गृहस्थ सरळ, तयारी जेमतेम, निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. जिन्यात त्यांचाच पक्षकार म्हणत होता, "आमदार असून उपयोग काय?" त्याने वकील नेमलाच नव्हता, आमदार नेमला होता. असे पक्षकार तुमच्याकडे यायला लागले की समजा, कायद्याची तुमची धार बोथट व्हायला सुरुवात झाली.

व्हिपचंही बघा. १९८५ पासून संविधानाच्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, पक्षाने आदेश काढला की त्याप्रमाणेच मत द्यायचं, नाहीतर आमदारकी जाऊ शकते. सभागृहात एकाच माणसाला न्यायाधीशासारखं बसावं लागतं, तो म्हणजे अध्यक्ष. अपात्रतेच्या याचिका ऐकताना अध्यक्ष हे न्यायाधिकरण असतं, आणि त्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, हे १९९२ मध्ये ठरलं. शिवसेनेतल्या फुटीवरचा मे २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि त्यावर जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विधानसभा अध्यक्षांनी दिलेला निर्णय शेजारी ठेवून वाचा. बाजू कोणाची बरोबर, ते सोडा. एका पक्षाच्या तिकिटावर आलेल्या माणसाला दोन्ही बाजूंचं ऐकून लेखी कारणं देताना काय काय सांभाळावं लागतं, ते तुम्हाला दिसेल.

तुमच्या जागी मी असतो तर? विधी आघाडीचं पद आज घेतलं नसतं. जेएमएफसीला वय आहे, पुढच्या दोन जाहिराती मनापासून दिल्या असत्या. नाही झालं तर चाळिशीच्या आत जिल्हा न्यायाधीश. या काळात राजकारणाची ओढ शमत नसेल तर पक्षाच्या बाहेरून भरपूर काम आहे: विधी सेवा प्राधिकरणाच्या केसेस, येरवड्यातले कच्चे कैदी, वॉर्डातल्या लोकांच्या पालिकेविरुद्धच्या तक्रारी. विधेयक प्रसिद्ध झालं की त्यावर कलमवार सूचना लिहून पाठवा, फारसं कुणी पाठवत नाही, त्यामुळे वाचल्या जाण्याची शक्यता बरी असते.

आणि मन खरोखर राजकारणातच असेल, तर खुशाल जा. पण मग न्यायाधीशपद मागच्या खिशात ठेवून जाऊ नका. पूर्णवेळ राजकारण करा, आणि कधी बाहेर पडलात तर पक्षाचा लेखी राजीनामा देऊन चार-पाच वर्षं नुसती वकिली करा. उलट दिशेची वाट नेहमीच मोकळी असते, हेही लक्षात असू द्या. चंदावरकर न्यायमूर्तीपदानंतर विधिमंडळाच्या अध्यक्षपदी गेले. के. एस. हेगडे राज्यसभा, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, १९७३ मध्ये ज्येष्ठता डावलली म्हणून राजीनामा, आणि १९७७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष. मार्च २०२४ मध्ये कलकत्ता हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी राजीनामा दिला आणि काही दिवसांतच पक्षात प्रवेश केला. मला ते आवडलं नाही, कारण राजीनाम्याआधीच्या आठवड्यात दिलेले आदेश लोक मग वेगळ्या नजरेने वाचतात. पण कायद्याने अडवलं नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती तुमच्या सीनिअरना विचारा: तुम्ही त्यांच्या चेंबरमध्ये आहात की स्वतंत्र? ज्युनिअरने पद घेतलं की सीनिअरचे अर्धे पक्षकार अस्वस्थ होतात. त्यांना बाहेरून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

राहिला फ्लेक्स. तुम्ही टाकलेल्या फोटोत तुम्ही काळा गाऊन आणि बँड घालून हात जोडलेत, खाली 'ॲड.' लावून मोठं नाव, फोन नंबर, आणि वर पक्षाच्या तीन नेत्यांचे गोल फोटो. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि समारंभ वगळता कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी गाऊन-बँड घालायलाही नियमात मनाई आहे. पालिकेची परवानगी नसेल तर १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा वेगळाच. मित्रांवर ढकलून चालणार नाही, फोटो तुम्हीच काढून दिलेला दिसतोय. चौक शिवाजीनगर कोर्टाच्या वाटेवरचा आहे, उद्या साडेदहाला निम्मं न्यायखातं तिथून जाईल. आज रात्रीच उतरवा, आणि बांबू ज्याचे असतील त्याला परत करा.